चौथं दार

डोंबिवलीच्या पश्चिमेला, खाडीकडे तोंड करून बसलेल्या गावात तुळसाला सगळे ‘गोपीनाथची तुळसा’ म्हणून ओळखतात. नुसत्या स्वतःच्या नावानं कुणी ओळखावं असं आपण काही केलंच नाही, असं तीच सांगेल. साठी उलटली आहे, गुडघे कुरकुरतात. गावात कुणाच्याही हळदीला गेली तरी मंडपात खुर्ची अडवून बसत नाही, सरळ मागच्या अंगाला जाऊन भाकऱ्या थापणाऱ्या बायांत बसते. अशा बाईच्या आयुष्यात सांगण्यासारखं काय असणार, असं वाटेल. मलाही वाटायचं.

तुळसा वाढली मिठागरात. बापाबरोबर मिठाच्या पाट्या वाहिल्या, लग्न होऊन या गावी आली ती सासऱ्याच्या खारजमिनीत भात लावायला. ती जमीन अशी की बेडकानंही नाक मुरडावं. भरती जोराची आली की बांध फुटायचा आणि वर्षाची मेहनत खाऱ्या पाण्यात जायची. मग त्या बाजूनं मोठा रस्ता येणार अशी बातमी आली, आणि ज्या मातीला कुणी हुंगत नव्हतं तिच्यासाठी ठाण्याचे बिल्डर वाकून नमस्कार करायला लागले.

गावात पैसा आला तो पुरासारखा. कुणी बंगल्याच्या फाटकावर सिमेंटचे सिंह बसवले, कुणी साखळदंड शोभेल अशी चेन गळ्यात घातली, कुणाच्या हळदीत तर डीजेच्या आवाजानं शेजारच्या घराच्या काचा हादरल्या. गोपीनाथ त्यातला नव्हता. दोन खोल्यांच्या जागी साधा एकमजली बंगला बांधला आणि उरलेल्या पैशावर राखण करत बसला. लोक म्हणायचे, गोपीनाथ शहाणा आहे. होताच तो. पण शहाणा माणूस चुकतो ना, तेव्हा त्याला कुणी टोकत नाही.

जमीन विकण्याआधी एक काम करावं लागलं, आणि ते आमच्याकडे घरोघर होतं. वाडवडिलांची जमीन विकायची तर लेकींचीही सही लागते. मग लेक कल्याणच्या रजिस्टर ऑफिसात जाते, माझा वाटा मी सोडला असं लिहून देते, आणि त्या दिवशी बाप किंवा भाऊ तिला साडी-चोळी करतात. त्या कागदाला हक्कसोड म्हणतात. कायदा काय म्हणतो ते सगळ्यांना ठाऊक आहे आणि साडी काय म्हणते तेही ठाऊक आहे. साडी म्हणते, बाई, माहेरचं दार तुला उघडं राहील. जी सही करत नाही तिच्याकडे भाऊबीजेला कुणी फिरकत नाही. माहेरच्या हळदीत तिला करवली म्हणूनही बोलवत नाहीत.

तुळसानं स्वतः असाच अंगठा दिला होता, तिच्या भावांसाठी. तिला लाल काठांची साडी मिळाली. ती तिनं सणावाराला नेसली, मग रोज नेसली, फाटली तेव्हा गोधडीत शिवली. भाऊ चांगले निघाले. दर भाऊबीजेला येतात, आजारपणात धावतात. व्यवहार फसवा झाला असं तिला कधी वाटलं नाही. म्हणून तिची लेक दर्शना जेव्हा रजिस्टर ऑफिसच्या बाकावर कागद हातात धरून गप्प बसून राहिली, तेव्हा तुळसानंच तिच्या पाठीवर हात ठेवला.

“कर बाय सही,” ती म्हणाली. “भाव असले म्हंजे सगला हाय.”

दर्शनानं सही केली. बापानं कल्याणच्या बाजारातून आणलेली हिरवी, जरीकाठाची साडी तिच्या ओंजळीत ठेवली. दर्शनानं आईच्या पाया पडून साडी पिशवीत घातली आणि शहाडला आपल्या घरी गेली. पुढे तिचा नवरा नयन अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळला, कंपनीतली नोकरी गेली, कंपनीची खोली गेली. तेव्हापासून ती पोळी-भाजीचे डबे करून घर चालवते आणि दर अकरा महिन्यांनी भाड्याचं नवं घर शोधते. माहेरी येते तेव्हा हसतमुख येते. कधी काही मागितलं नाही. मागायचं नसतं, ते त्या साडीतच आलं.

गोपीनाथची चूक यानंतरची.

त्यानं पैसा गुंतवायचा ठरवला तेव्हा तो फ्लॅट बघायला गेला, पण डोळे शेतकऱ्याचे घेऊन गेला. शेतकऱ्याला जमीन कशी हवी असते? लागून. एका बांधाला दुसरा बांध आपलाच, मधे परक्याचा तुकडा नको. कल्याणला गांधाऱ्याच्या बाजूला, नदीपासून थोड्या अंतरावर नवी बिल्डिंग होत होती. गोपीनाथनं तिथला एक अख्खा माळा घेतला. चार फ्लॅट, चार दारं, सगळी एकमेकांना लागून. स्टेशन किती लांब, भाडं किती येईल, पुढे गिऱ्हाईक मिळेल का, हे त्यानं विचारलं नाही. सगळी अंडी एका टोपलीत ठेवतोयस, असं एका दलालानं सांगून पाहिलं. गोपीनाथ त्याला म्हणाला, “कोंबडी तर एकच हाय ना माजी.”

बाईच्या नावानं घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात सूट मिळते, असंही त्या दलालानं सांगितलं. सगळीच घरं बायकोच्या नावावर करायला गोपीनाथ काही तयार होईना. तीन त्यानं स्वतःच्या नावावर घेतली आणि चौथं तुळसाच्या. “एकावर सूट घेऊन बघू,” म्हणाला.

बिल्डिंग उभी राहिली तेव्हा तो तुळसाला वर घेऊन गेला. लिफ्टमधून बाहेर आल्या आल्या तिनं चारी दारांकडे बघितलं आणि मनात वाटणी करून टाकली. एक देवेशचं, एक हितेशचं, एक आपलं म्हाताऱ्यांचं. आणि चौथ्यापाशी जाऊन ती थांबली. तिला इतका आनंद झाला होता की तिनं विचारूनच टाकलं.

“हा कोनाचा?”

“हा इन्वेस्टमेंट,” गोपीनाथ म्हणाला.

तुळसानं तो शब्द तेव्हा पहिल्यांदा ऐकला. अर्थ कुणी सांगितला नाही. तिला एवढंच कळलं की त्यात लेकीचं नाव येत नाही.

झालं असं की तिथं राहायला कुणीच गेलं नाही. थोरला देवेश मुलांच्या शाळेसाठी ठाण्याला भाड्यानं राहायला गेला. त्याचा रेती-खडी पुरवायचा धंदा, दोन टेम्पो, आणि बायको करिश्मा नोकरीवाली. गांधाऱ्याला जाऊन करायचं काय? धाकटा हितेश गावातून हलेना. आणि गोपीनाथनं कुणाला भाडेकरू म्हणून घालायचं नाही असा हट्ट धरला. आज ना उद्या पोरं येतील, मधे परका नको. चारी दारांना कुलपं लागली. सोसायटीचा मेंटेनन्स महिन्याच्या महिन्याला जात राहिला.

तुळसा मात्र जायची. गावातून रिक्षा, मग बस, मग पुन्हा रिक्षा, असं करत महिन्यातून एकदा चारी घरं झाडून यायची. देवापुढे म्हणून एक पणती प्रत्येक ओट्यावर लावायची, ती विझेपर्यंत बसायची, कुलूप लावून निघायची. रिकाम्या घरात रात्रीचं काय शिरेल सांगता येत नाही, असं ती म्हणायची. खरं तर तिला ती घरं उपाशी वाटायची.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी ती चौथं घर झाडत होती तेव्हा दार वाजलं. दर्शना होती. त्या बाजूला डबे पोचवायला आली होती, तिथून शहाडला एक खोली बघायला जायचं होतं. घरमालकानं महिनाअखेरीला जागा खाली करायला सांगितलं होतं. आई आज इथे असणार हे तिला माहीत होतं, म्हणून चार पोळ्या आणि वांग्याची भाजी घेऊन आली होती. दोघी फरशीवर बसून जेवल्या. मग दर्शनानं पदर खोचून आईच्या हातातला झाडू घेतला आणि राहिलेली खोली झाडली. खिडकीशी जरा उभी राहिली. तिथून नदीची एक पट्टी दिसते, त्यापलीकडे झाडं दिसतात.

“हवा छान येते गं आये,” ती म्हणाली. “कशाला झाडतेस पण? कोणी राहत तर नाही.”

तुळसाच्या तोंडात शब्द आले होते. अगदी ओठापर्यंत आले होते. पण तिनंच त्या पोरीच्या पाठीवर हात ठेवून सही करायला लावलं होतं. आता कुठल्या तोंडानं बोलायचं? ती म्हणाली, “धूल बसते ना.”

“चल, निघते. ती मावशी वाट बघत असेल, खोली दाखवणारी. तिसऱ्या माळ्यावर आहे, लिफ्ट नाही. यांना कसं चढवायचं बघू.” दर्शना चपला घालून गेली. जाताना तिनं दार आपल्या हातानं ओढून घेतलं, नीट बंद झालंय ना ते ढकलून बघितलं. तुळसा आतल्या बाजूला उभी होती. लेकीनं बाहेरून लावून घेतलेल्या त्या दाराकडे बघत ती तिथंच खाली बसून रडली.

पंधरा-वीस दिवसांनी देवेशनं घरी सगळ्यांना बसवलं. “बाबा, हा पैसा मेला आहे,” तो म्हणाला. “चार फ्लॅट, झीरो भाडं. काहीतरी प्लॅनिंग पाहिजे.” त्यानं ठाण्याहून एक सल्लागार बोलावली होती, कृतिका नावाची. तिशीची मुलगी, साधा कुडता, बोलणं हळू. तिचं पहिलंच वाक्य असं की गोपीनाथला ती आवडली. ती म्हणाली, “काका, मी फ्लॅट विकत नाही आणि विकूनही देत नाही. मी फक्त प्रश्न विचारायची फी घेते.”

“विचारा,” गोपीनाथ म्हणाला.

“घर का घ्यायचं, हे आधी. कुठलं घ्यायचं, हे नंतर. बहुतेक लोक उलटं करतात. निकष म्हणजे चाळणी हो. पीठ कशाचं करायचंय ते ठरल्याशिवाय चाळणी कुठली घेणार? तुम्हाला दरमहा भाडं पाहिजे? की दहा-पंधरा वर्षांनी मोठी रक्कम? की स्वतः राहायचंय? तिन्ही एकाच जागेतून मिळत नाही. त्यामुळे प्रत्येकानं आपापलं सांगा. आणि एक गोष्ट, दुसऱ्याचं ऐकून बदलायचं नाही.”

देवेशला सगळं तयारच होतं. चारी फ्लॅट विकायचे आणि ठाण्यात रस्त्याला लागून एक मोठा गाळा घ्यायचा. गाळ्याला बँक नाही तर औषधाचं दुकान भाडेकरू म्हणून आलं की महिन्याला पगारासारखा पैसा. हितेश म्हणाला, गाळा-बिळा नको, भिवंडीच्या रस्त्याला गोडाऊनसाठी जागा घेऊ, सगळ्यांची गोडाऊनं तिकडेच चाललीयेत. “अरे पण टायटल क्लिअर असतं का तिकडे?” “तुझ्या ठाण्यात असतं वाटतं!” असं दोघांचं जुंपलं. कृतिकानं थांबवलं आणि गोपीनाथकडे वळली.

“काका, तुमचं उद्दिष्ट काय होतं? अख्खा माळा घेतलात तेव्हा?”

गोपीनाथच्या आयुष्यात त्याला असं कुणी विचारलं नव्हतं. बापानं सांगितलं तसं शेत केलं, रस्ता आला तशी जमीन विकली. 

“मला वाटला,” तो म्हणाला, “जमीन गेली तर गेली. एका माल्यावर तरी राहतील सगली. दारं उघडी टाकून बसतील. याच्या घरातली भाजी त्याच्या घरात जाईल. सकाली दूधवाला आला का चारी दारांतनं हाक येईल.” मग जरा लाजल्यासारखा हसला. “इन्वेस्टमेंट म्हटला म्हंजे तुमी ऐकता, म्हनून इन्वेस्टमेंट म्हटला.”

देवेश खाली बघायला लागला. तो वाईट मुलगा नाही. पण गप्प बसणं त्याला जमत नाही. “बाबा, इमोशनल होऊन नाही ना चालत,” तो हळू आवाजात म्हणाला.

“काकी, तुमचं?” कृतिकानं विचारलं.

तुळसा स्वयंपाकघराच्या दारात ट्रे घेऊन उभी होती. “माजा काय?” असं म्हणून ती मागे वळली. तेवढ्यात देवेश म्हणाला, “आईचं फक्त सहीचं काम आहे. चौथा तिच्या नावावर आहे ना, सूट होती म्हणून.”

ट्रे तिनं ओट्यावर ठेवला. परत आली आणि सगळ्यांच्या मधे, जमिनीवर बसली. तिला खुर्चीवर बोलता आलं नसतं.

“मी दोन वर्सं ती घरं झाडते,” ती म्हणाली. “धूल निघते. कचरा नाय निघत. कोथमिरीची काडी नाय, पोरांच्या पेन्सिलीचा भुगा नाय, केस नाय. कचरा नाय त्या घराला घर म्हनाचा क? तुमी सगल्यांनी तुमची चालनी सांगितली. माजी ही हाय. चौथ्या घरात कोनीतरी कचरा करावा. तो फ्लॅट मी दर्शनाला देनार.”

 हितेशनं मोबाईल उलटा ठेवला.

“आये, तिनं हक्कसोड केलंय,” देवेश म्हणाला. “कागद आहे. तिला साडी केलीय आपण.”

“तो तुज्या आजाच्या जमिनीचा केला. हे माज्या नावाचा हाय.”

“नावाला तुझं गं. पैसे कोणाचे?”

हे बोलायला नको होतं, आणि ते बोलणाऱ्यालाही लगेच कळलं. तुळसानं भांडण केलं नाही. आयुष्यभर मिठाच्या पाट्या आणि भाताचे भारे डोक्यावर वाहिलेली ती बाई आपल्या हाताच्या पंज्यांकडे बघत बसली. उत्तर तिच्याजवळ होतं, पण आई असल्या गोष्टींचा हिशोब मुलाला सांगत नसते. गोपीनाथ मधे काही बोलेल म्हणून तिनं त्याच्याकडे बघितलं. तो उठून बाहेर गेला. कृतिकानं पर्स आवरली आणि जाताना तुळसाच्या खांद्याला हात लावला. “काकी, ज्याच्या नावावर, त्याची मर्जी,” एवढंच ती म्हणाली.

मग घरात अबोला. गोपीनाथ जेवायला यायचा, जेवायचा, बाहेर ओट्यावर जाऊन बसायचा. गावात बभ्रा झाला. दिलेल्या लेकीला परत देतात का कोण, असं चार बायांनी तोंडावर विचारलं. त्या चौघींनीही आपापल्या माहेरी सह्या केलेल्या होत्या.

तुळसा शहाडला गेली. दर्शना नव्या खोलीत आली होती, तिसऱ्या माळ्यावरच्या. नयनला चार जणांनी खुर्चीत बसवून वर आणलं होतं. तो आता खाली उतरायचा नव्हता, ऊन बघायचं तर खिडकीतून. तुळसानं मनातलं सांगितलं. तिला वाटलं पोर गळ्यात पडेल. दर्शना कणीक मळत होती, ती मळतच राहिली.

“नको आये.”

“कनाला नको?”

“भाड्यानं घर मिळतं. भाऊ मिळत नाहीत भाड्यानं. भाऊबीजेला दोघं येतात, माझ्या पोरीला, सान्वीला, मामा आहेत. देवेशदादा वर्षात एकदा येऊन पंधरा मिनिटं बसतो, पण बसतो. तेवढं राहू दे मला. तूच सांगितलेलं ना?”

 तुळसाचेच शब्द तिच्याकडे परत आले होते, आणि ते खोटे नव्हते, हेच तर वाईट होतं. घर द्यावं तर लेकीचे भाऊ तुटतात. भाऊ राखावेत तर जावई असा तिसऱ्या माळ्यावर कोंडून राहतो. परतीच्या रिक्षात ती सगळा वेळ याचाच विचार करत होती. शहाडच्या पुलावर वाहनं तुंबली होती. रिक्षावाला शिव्या देत होता. पूल उतरेपर्यंत तिनं ठरवलं होतं.

घरी येऊन तिनं देवेशला फोन लावला, हितेशला समोर बसवलं. “बक्षीसपत्र करतेय,” ती म्हणाली. “गुरुवारी, कल्यानला. त्याला दोन साक्षीदार लागतात. वकील बोलतो, कोनी पन चालतो, आमच्या हाफिसातली दोन मानसं घ्या. मी बोलले, नाय. बाहेरचा मानूस घेतला तर मी चोरून दिल्यासारका होईल. तुमी दोघं भाव साक्षीदार. तुमी नाय आलात तर मी सही करनार नाय. मंग घर तसाच बंद राहील, मी मरेपरेंत झाडीन. विकायला पन माजी सही लागते, ती मी देनार नाय.”

देवेशनं फोन ठेवला. 

गुरुवारी तुळसा साडी नेसून, हातात पिशवी घेऊन कल्याणच्या ऑफिसात जाऊन बसली. दर्शनाला तिनं दमदाटी करून बोलावलं होतं. घेणाऱ्याचाही अंगठा लागतो. बाक तोच होता की दुसरा, ते तिला आठवेना. नंबर जवळ येत चालला. वकिलाचा माणूस दोनदा विचारून गेला. दर्शना म्हणाली, “आये, चल घरी. मला कळलं तू काय केलंस ते. तेवढं पुरे मला.”

तेवढ्यात हितेश आला. हेल्मेट हातात, घाम आलेला. बहिणीशेजारी बसला आणि उगाचच सान्वीच्या शाळेबद्दल विचारू लागला. देवेश आला नाही. हितेशनं दोनदा फोन लावून बघितला, मग खिशात ठेवला. नंबर पुकारला गेला. तुळसा उठली नाही.

“एक कमी हाय,” ती वकिलाच्या माणसाला म्हणाली. “मी बोलले व्हते तसा नाय झाला. राहू दे.”

“मी चालीन क?”

दाराशी गोपीनाथ उभा होता. गावातून एकटाच बस पकडून आला होता. नवरा-बायकोत पंधरवडाभर शब्द नव्हता, आणि पहिला शब्द हा. तुळसानं त्याच्याकडे बघितलं. तो नजर चुकवत नव्हता. “त्या ठान्याच्या मुलीनं मला विचारला ना, माला कनाला घेतला ते,” तो म्हणाला. “मी बोललो चारी दारांतनं हाक आली पायजे. बोलून गेलो आनि मंग ध्यानात आला. चार बोललो. पोरगे दोन, तिसरी आमी म्हातारी. मंग चौथी हाक पोरीचीच ना.”

हल्ली तिथं सगळ्यांचाच अंगठा घेतात, शिकलेल्याचा आणि अडाण्याचाही, छोट्या लाल दिव्याच्या यंत्रावर. तुळसानं दिला. दर्शनाचा यंत्रानं पहिल्यांदा घेतला नाही म्हणून तिला दोनदा द्यावा लागला. बाप आणि धाकटा भाऊ साक्षीदार म्हणून उभे राहिले, त्यांचे फोटो निघाले. असा एक अंगठा तुळसानं तरुणपणी भावांसाठी दिला होता. या वेळी साडी देणारं कुणी नव्हतं आणि तिला ती आठवलीही नाही.

सामान हलवायच्या दिवशी सकाळी खाली टेम्पो येऊन उभा राहिला. देवेशचा. ड्रायव्हर म्हणाला, शेठनी पाठवलाय, दिवसभर ठेवायला सांगितलंय. शेठ नाही आले. दर्शनानं फोन केला तर करिश्मानं उचलला आणि म्हणाली, “वन्सं, थोडा वेळ द्या यांना.” दर्शना बरं म्हणाली. त्या दिवशी तेवढ्यावरच तिला समाधान मानावं लागलं.

संध्याकाळपर्यंत चौथ्या घरात कांद्याची सालं पडली, दोरीचे तुकडे पडले, सान्वीनं कोपऱ्यात बसून पेन्सिलीला टोक काढलं. नयनची खुर्ची खिडकीशी लावली होती, तो नदीच्या पट्टीकडे बघत होता. दर्शना पत्र्याच्या पेटीतून कपडे काढून कपाटात लावत होती, आणि गोपीनाथ तिला एकेक गठ्ठा उचलून देत होता. तळाशी दुकानाच्या पिशवीत एक साडी होती. हिरवी, जरीकाठाची. पिशवीवरचं दुकानाचं नाव पुसट झालं होतं, पण साडीची घडी होती तशीच होती. टाचण्यासुद्धा काढलेल्या नव्हत्या.

गोपीनाथ ती हातात धरून उभा राहिला. “ही तू नेसली नाय?”

“नाही बाबा.”

“आवडली नाय क?”

दर्शनानं हातातले कपडे खाली ठेवले. “आवडली होती. पण नेसले असते तर मग ते सगळं खरंच झालं असतं ना.”

तिनं बापाच्या हातातून साडी घेतली आणि आईपुढे धरली. आमच्याकडे नव्या साडीची घडी आपण मोडत नाही, आपल्या मायेच्या बाईला आधी नेसायला देतो. “आये,” ती म्हणाली, “तू मोड घडी.”

तुळसा आतल्या खोलीत गेली. टाचण्या एकेक करून काढायला वेळ लागला. ती नेसून बाहेर आली तेव्हा गोपीनाथ भिंतीला टेकून खाली बसला होता, आणि म्हातारा माणूस कसा रडतो तसा, आवाज न करता रडत होता.

“काय झाला वो?” ती जवळ बसली.

“त्या साडीचा पन मी भाव केला व्हता तुलसे,” तो म्हणाला. “दुकानात तास घातला, पन कमी करूनच घेतली.”